घरी प्रार्थना ठेवताना: आधी काय, मग काय आणि कुठे चुकतं

आपल्याकडे विदर्भात, खेड्यात ख्रिस्ती घरं थोडी. पाळकसाहेब (चर्चचे धर्मगुरू) तालुक्याला राहतात आणि त्यांच्याकडे आजूबाजूची बरीच गावं असतात. त्यामुळे "घरी प्रार्थना ठेवली आहे" म्हटलं की ती बहुतेक वेळा घरच्यांनी आणि मंडळीतल्या (चर्चच्या लोकांतल्या) दोनचार जाणत्यांनीच चालवायची असते. माणसं मनापासून येतात. गाणी होतात, दीडदोन तास प्रार्थना होते, चहा-चिवडा होतो. पण ज्या म्हातारीसाठी हा सगळा खटाटोप केला, तिला शेवटपर्यंत कोणी विचारलेलंच नसतं की बाई, तुला नेमकं काय मागायचं आहे?

बाकीच्या बहुतेक चुका या एका चुकीतून निघतात. यरीहोच्या रस्त्यावर आंधळा बार्तीमय हाका मारत होता. त्याला काय हवं ते साऱ्या गर्दीला कळत होतं, तरी येशूने त्यालाच विचारलं, "मी तुझ्यासाठी काय करावं?" (बायबल, मार्क १०:५१). आधी ऐकायचं, मग बोलायचं. खाली दिलेला क्रम याच हिशोबाने लावला आहे. पायऱ्या पुढेमागे करू नका. विशेषतः तिसरी गाळू नका, सगळ्यात जास्त तीच गाळली जाते.

## १. ही प्रार्थना कशासाठी, ते एका वाक्यात ठरवा

घरच्या प्रार्थना ढोबळमानाने चार प्रकारच्या असतात: आभाराची, अडचणीची किंवा आजाराची, दुःखाची आणि दर आठवड्याची नेहमीची. चौघींचा सूर वेगळा असतो. मुलीला नोकरी लागली म्हणून लोक बोलवायचे आणि तिथेच काकाच्या पक्षाघातासाठी तासभर रडायचं, असं झालं की आनंदही धड होत नाही आणि काकाचं दुखणंही धड मांडलं जात नाही. मयताच्या घरी तर त्याहून वाईट होतं. तिसऱ्या दिवशी ढोलक वाजतं, "आनंद करा" म्हणून टाळ्या पिटायला लावतात आणि ती विधवा भिंतीला टेकून बसलेली असते. बायबलमधल्या ईयोबावर संकटांमागून संकटं आली, तेव्हा त्याचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहिले, एक शब्द बोलले नाहीत (ईयोब २:१३). त्यांचं बिघडलं ते बोलायला लागल्यावर.

घरातल्या कर्त्याने एक वाक्य तयार करावं: "आम्ही ही प्रार्थना अमुक कारणासाठी ठेवली आहे." दुसरा विषय असेल तर दुसरा दिवस ठेवा.

तपासा: घरातल्या तीन माणसांना वेगवेगळं विचारा, प्रार्थना कशासाठी आहे? तीन वेगळी उत्तरं आली तर अजून कोणाला बोलावू नका.

## २. सभेआधी घरातली प्रार्थना

ज्या घरात आठवडाभर कोणी एकत्र बसत नाही, तिथे एका रात्री चाळीस माणसं जमवून काही साधत नाही. निदान आठ दिवस आधी घरच्यांनी रोज दहा मिनिटं बसावं. वेळ ठरलेली हवी. पहाटे वावरात जायच्या आधी किंवा रात्री जेवणं आटोपल्यावर, जमेल तशी. बायबलमधलं पाच-सहा ओळी वचन वाचा, प्रत्येकाने एक गोष्ट आभाराची आणि एक मागण्याची सांगावी, मग सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना (येशूने शिष्यांना शिकवलेली) म्हणावी. एवढं पुरे. दहा मिनिटांच्या वर गेलं की पोरं पेंगतात आणि चौथ्या दिवशी बंद पडतं.

एकट्याची प्रार्थना याहून वेगळी. खोलीत जा, दार लाव, असं येशू सांगतो (मत्तय ६:६). दोन खोल्यांच्या घरात सात माणसं राहतात, कुठली खोली अन् कुठलं दार, असं म्हणून अनेक जण तो विषयच सोडून देतात. पण येशू स्वतः पहाटे अंधारात उठून एकांतात बाहेर जात असे (मार्क १:३५). गोठा, विहिरीचा काठ, धुऱ्यावरचं झाड, कुठेही चालतं. आवाज काढायचीही गरज नाही. हन्ना देवळात नुसते ओठ हलवत प्रार्थना करत होती, तर एली याजकाला (देवळाच्या पुजाऱ्याला) वाटलं ही बाई प्यायली आहे (१ शमुवेल १:१३).

## ३. आदल्या दिवशी जाऊन ऐका

सभा चालवणाऱ्याने आदल्या दिवशी, फार तर त्याच दिवशी सकाळी, ज्याच्यासाठी प्रार्थना आहे त्या माणसाजवळ जाऊन बसावं. सोबत एकच जण न्या. बाईशी बोलायचं असेल तर सोबत बाईच हवी. बसल्याबसल्या वचन काढू नका आणि सल्लाही देऊ नका. तीन गोष्टी विचारा:

- तुम्हाला देवाजवळ नेमकं काय मागायचं आहे?
- यातलं सगळ्यांसमोर काय बोललं तर चालेल, आणि काय बोलायचं नाही?
- प्रार्थनेशिवाय आमच्याकडून आणखी काय हवं आहे?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर पुष्कळदा आपल्या अंदाजापेक्षा निराळं निघतं. गुडघ्याच्या दुखण्यासाठी प्रार्थना ठेवलेली असते आणि आजीला मागायचं असतं ते हे, की दोन्ही पोरांनी बांधाचं भांडण मिटवावं. दवाखान्यातून परत पाठवलेल्या माणसाला बरं व्हायचं नसतं असं नाही, पण आधी भीती जावी असं त्याला वाटत असतं. त्याच्या तोंडून जे आलं तेच त्याच्याच शब्दांत चिठ्ठीवर लिहा. सभेत तीच चिठ्ठी वापरायची.

दुसऱ्या प्रश्नाला मी सगळ्यात जास्त वजन देतो. गाव लहान असतं. सावकाराचं देणं, पोरीची मोडलेली सोयरीक, नवऱ्याची दारू, एचआयव्हीचा रिपोर्ट, सुनेला मूल नसणं, यातली एखादी गोष्ट "प्रार्थनेचा विषय" म्हणून मोठ्याने बोलली गेली की सकाळी हातपंपावर पोचते. प्रार्थनेच्या पांघरुणाखाली चाललेली चुगली ही चुगलीच. बोलायची मुभा नसेल तर "एका कुटुंबाची अडचण आहे, देवाला ठाऊक आहे" एवढंच म्हणा. मागण्याआधीच बापाला तुमची गरज माहीत असते (मत्तय ६:८), त्याला तपशील ऐकवायची गरज नाही.

सावध: मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आजाऱ्याचा फोटो, नाव, वॉर्ड नंबर टाकून "प्रार्थना करा" असं पाठवायची सवय लागली आहे. सलाईन लावलेला, अर्धवट उघडा माणूस गावोगावच्या ग्रुपांत फिरतो आणि त्याला पत्ताही नसतो. फोटो कधीच टाकू नका. नाव टाकायचं तर त्या माणसाला विचारून टाका. "आपल्या एका बहिणीचं उद्या ऑपरेशन आहे" एवढ्यावर प्रार्थना करता येते.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर जपून ठेवा, शेवटच्या पायरीला लागेल.

## ४. दिवस, वेळ आणि जागा

सोयाबीनच्या सोंगणीत, कापूस वेचणीच्या भरात, पूर्वेकडच्या धानपट्ट्यात रोवणीच्या दिवसांत संध्याकाळी सातला माणूस उभा राहू शकत नाही, तर बसून काय प्रार्थना करेल? त्या दिवसांत सभा लहान ठेवा किंवा रविवारची दुपार घ्या. आठवडी बाजाराचा दिवस टाळा. एप्रिल-मे मध्ये दिवस मावळल्यावर अंगणात बसा, टिनाच्या छपराखाली आजाऱ्याला बसवू नका. पावसाळ्यात येणाऱ्यांना टॉर्च आणायला सांगा, कारण साप-विंचवाचे दिवस असतात.

सातची वेळ सांगून साडेआठला सुरू करायचं, हे बंद करा. लांबच्या वस्तीवरून आलेल्या बाया लेकरं घेऊन ताटकळतात, आणि "लोक येऊ द्या" म्हणत आलेल्यांनाच शिक्षा होते. पाच माणसं असली तरी सातला सुरू. संपायची वेळही आधीच सांगा. सव्वा तास भरपूर झाला.

शेजारी दुसऱ्या धर्माचे असतील, बहुधा असतातच, तर आदल्या दिवशी घरच्यांनी जाऊन सांगावं: उद्या आमच्याकडे प्रार्थना आहे, थोडी गाणी होतील, नऊपर्यंत संपेल. एवढ्याने अर्धे गैरसमज टळतात. लाऊडस्पीकर लावूच नका. परवानगीशिवाय तो कधीच लावता येत नाही, रात्री १० ते सकाळी ६ तर मनाईच आहे, आणि तीस माणसांच्या ओसरीत त्याचं काम काय? शेजारी येऊन बसले तर आनंदाने बसू द्या. पण त्यांच्याकडे बोट दाखवून प्रार्थना करणं, "तुम्ही आमच्यात या म्हणजे बरे व्हाल" असं म्हणणं, किंवा त्यांच्या देवांवर शेरे मारणं पूर्ण वर्ज्य. आलेला माणूस पाहुणा आहे.

सतरंज्या, प्यायचं पाणी, म्हाताऱ्यांसाठी दोन खुर्च्या आणि भारनियमन धरून एक चार्जिंगचा दिवा, एवढी तयारी बस्स.

## ५. वचन एकच निवडा

तीन उतारे वाचून एकही लक्षात राहत नाही. प्रसंगाला धरून एकच घ्या, बारा ओळींच्या आत:

- आभार: दहा कुष्ठरोग्यांपैकी एकच परत आला तो प्रसंग, लूक १७:११–१९.
- पीकपाणी, पाऊस: स्तोत्र ६५:९–१३.
- आजार: पक्षाघाती माणसाला चौघांनी उचलून आणलं तो प्रसंग, मार्क २:१–१२, किंवा याकोब ५:१३–१६.
- प्रवास, शिक्षणासाठी बाहेरगावी जाणं: स्तोत्र १२१.
- मयत: योहान ११:३२–३६.
- उत्तरच मिळत नाही असं वाटत असेल तेव्हा: स्तोत्र १३. "किती वेळ?" असा प्रश्न देवालाच विचारलेला आहे, आणि तो शास्त्रात आहे, हे ऐकूनच पुष्कळांना धीर येतो.

वाचणारा आधी ठरवा आणि त्याला घरी दोनदा मोठ्याने वाचायला लावा. जमलेल्यांपैकी कित्येकांना वाचता येत नाही, त्यांच्यासाठी हे एकदाचं ऐकणं म्हणजेच शास्त्र. जुन्या आवृत्तीची भाषा जड जात असेल तर सोप्या मराठीतली घ्या. सातवी-आठवीतली पोर नीट वाचत असेल तर तिलाच द्या.

## ६. प्रत्यक्ष सभा: क्रम आणि वेळ

पहिली ५ मिनिटं. फोन बंद. कर्त्याने ते ठरलेलं एक वाक्य सांगायचं. मग मिनिटभर शांतता. ही शांतता लोकांना जड जाते, कोणीतरी हमखास "हालेलुया" म्हणून ती मोडतं. मोडू देऊ नका.

१५ मिनिटं गाणी. दोन, फार तर तीन, सगळ्यांना पाठ असलेली. ढोलक-खंजिरी असेल तर छान, नसेल तरी अडत नाही. नवं गाणं शिकवायची ही जागा नाही.

१० मिनिटं वचन आणि दोन शब्द. वचन वाचून झाल्यावर सांगणाऱ्याने सात मिनिटांच्या वर जाऊ नये. ही प्रार्थनेची बैठक आहे, प्रवचनाची नाही. बोलायला मिळालं की थांबत नाही असा एक जण प्रत्येक मंडळीत असतो. त्याला गाणी द्या.

१० मिनिटं आभार. मागण्याच्या आधी आभार, हा क्रम उलटू नका. प्रत्येकाने एकेक वाक्य. "विहिरीला पाणी लागलं." "पोरगी बाळंतपणातून सुखरूप उठली." लांबलचक साक्ष (देवाने आपल्यासाठी काय केलं ती कहाणी) इथे नको.

३ मिनिटं पापांची कबुली. मनातल्या मनात. काही ठिकाणी उभं करून सगळ्यांसमोर कबूल करायला लावतात, विशेषतः दारू पिणाऱ्याला. एकमेकांजवळ पापं कबूल करा असं याकोब ५:१६ मध्ये आहे, पण तिथे कोणी कोणावर जबरदस्ती केलेली नाही. ज्याला बोलायचं आहे त्याने नंतर विश्वासाच्या माणसाजवळ बोलावं.

२० मिनिटं विनंत्या. चिठ्ठीवरचा एकेक विषय वाचायचा, एकाने प्रार्थना करायची, सगळ्यांनी आमेन म्हणायचं, मग पुढचा विषय. एकाच माणसाने सगळे विषय उरकू नयेत. घरापलीकडचे दोन विषय मुद्दाम घ्या: गावचे पुढारी आणि अधिकारी (१ तीमथ्य २:१–२), आणि गावातलं दुसरं एखादं अडचणीतलं घर, मग ते कोणत्याही समाजाचं असो.

शेवटी प्रभूची प्रार्थना सगळ्यांनी मिळून, सावकाश. पाळक असतील तर आशीर्वाद, आणि संपलं.

कॅथलिक घरात जपमाळ असते, तिथे विनंत्या आधी सांगून मग पाच रहस्यं (येशू आणि मरियेच्या जीवनातले प्रसंग) घ्यावीत. सोमवार-शनिवार आनंदाची, मंगळवार-शुक्रवार दुःखाची, बुधवार-रविवार गौरवाची, गुरुवारी प्रकाशाची. तिथली नेहमीची चूक वेगाची आहे. पुढच्याचं वाक्य संपायच्या आत मागचे सुरू करतात. अर्ध्या वेगाने म्हणा.

तपासा: सभा अर्ध्यावर आली की पाहा, आतापर्यंत किती तोंडं उघडली? दोघं-तिघंच बोलत असतील तर पुढचा विषय एखाद्या गप्प बसलेल्या बाईला द्या. "मला येत नाही" म्हणेल. पुढची पायरी तिच्यासाठीच आहे.

## ७. मोठ्याने प्रार्थना कशी करायची

पाच गोष्टी, त्याच क्रमाने: देवाला हाक, एक आभार, एक मागणं, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो, येशूच्या नावात आमेन. घरची भाषा चालते. चालते कशाला, तीच हवी. आमच्याकडची एखादी आजी म्हणते तसं:

"देवबापा, माह्या नातीले शिकाले शयरात धाडलं, तू तिले आतापावतर सांभाळलं. तिले चांगली संगत भेटू दे. तुह्या मनात असंन तसं होऊ दे. येशूच्या नावात मांगतो, आमेन."

यात काही कमी नाही. आता दुसरा नमुना पाहा: "हे सर्वसमर्थ, सनातन, सैन्यांच्या परमेश्वरा, तू जाणतोस की या घरातला तुझा लेकरू वर्षभर मंडळीत आला नाही, प्रभू, त्याची पावलं भट्टीकडे वळतात, प्रभू, तू त्याला जागं कर, प्रभू..." आणि तो लेकरू तिथेच मांडी घालून बसलेला. हे देवाशी बोलणं नव्हे, देवाच्या आडून त्याला झापणं आहे. तो पुन्हा येणार नाही.

नेहमी दिसणाऱ्या आणखी चुका:

- प्रार्थनेत प्रवचन. डोळे मिटून लोकांना शिकवणं. देवाला मोशेची गोष्ट सांगायची गरज नाही.
- दर दोन शब्दांनी "प्रभू". सवय असते, वाईट हेतू नसतो. वाक्यं लहान केली की आपोआप कमी होतं.
- आवाज चढवणं. आजाऱ्याच्या कानाशी ओरडल्याने त्याची धडधड वाढते, बाकी काही होत नाही. शब्द थोडे असावेत, असं उपदेशक ५:२ सांगतो.
- स्वतःची बढाई. परूश्याने (नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातल्या माणसाने) देवळात उभं राहून आपल्या उपासांचा हिशोब दिला (लूक १८:१२). आजही "मी चाळीस दिवस उपास केला" हे प्रार्थनेतच ऐकू येतं.

### नवसाचं काय?

हा प्रश्न आपल्याकडे फार येतो, म्हणून जरा थांबून सांगतो. "पोरगा पोलीस भरतीत लागला तर चर्चला पंखा देईन." आसपास सगळीकडे नवस बोलले जातात, तीच सवय आपल्या घरातही येते. शास्त्रात नवस नाहीच, असं काही जण ठासून सांगतात, ते बरोबर नाही. हन्नाने नवस केला होता (१ शमुवेल १:११) आणि फेडलाही. पण तिची प्रार्थना वाचा. आधी ती आपलं दुःख ओतते, आणि मागितलेलं मूलच देवाला परत देते. पंख्याच्या नवसात देवाला दर लावलेला असतो. काम झालं नाही तर पंखा नाही. आणि झालं तर दोन वर्षं टाळाटाळ. नवस करून न फेडण्यापेक्षा न केलेला बरा, असं उपदेशक ५:५ म्हणतो. माझं मत असं की सभेत नवस बोलू द्यायचाच नाही. काही द्यायचं मनात असेल तर मागण्याशी न जोडता द्यावं, काम होवो न होवो. कर्ज काढून तर मुळीच नाही.

## ८. आजाऱ्यासाठी प्रार्थना: इथे चूक जिवावर बेतते

दवाखाना आधी की प्रार्थना आधी? साप चावला, फवारणीनंतर चक्कर-उलट्या सुरू झाल्या, बाळंतीण अडली, छातीत कळ आली, तर १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने निघा, प्रार्थना गाडीत. साप चावलेल्याला कापू नका, चोखू नका, आवळून बांधू नका. तो अवयव न हलवता दवाखाना गाठा. फवारणीने माणसं दगावतात हे २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्याने पाहिलं आहे. औषधाचा डबा सोबत न्या, म्हणजे डॉक्टरला विष कोणतं ते कळतं. कुत्रा, साप, विंचू चावलेल्याला उपचारापासून अडवून त्याऐवजी मंत्रतंत्रासारखे उपाय करणं महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. "आम्ही तर येशूच्या नावात केलं" ही पळवाट शोधू नका.

चालू गोळ्या बंद करायला कधीही सांगू नका. क्षयरोगाचा साधा कोर्स सहा महिन्यांचा असतो. दुसऱ्या महिन्यात खोकला थांबतो, कोणीतरी "प्रभूने बरं केलं" म्हणून साक्ष द्यायला लावतं, गोळ्या सुटतात आणि रोग औषधाला न जुमानणारा होऊन परत येतो. फिट, साखर, रक्तदाब, मनाच्या आजाराच्या गोळ्यांचंही तेच. आणि बरा झाल्याची खात्री कोणी करायची? येशूने कुष्ठरोग्याला शुद्ध केल्यावर त्याला याजकाकडे जाऊन दाखवायला सांगितलं (लूक ५:१४), कारण तेव्हा तपासून सांगायचं काम याजकाचं होतं. आज ते डॉक्टरचं. रिपोर्ट आल्यावर खुशाल साक्ष द्या.

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आपल्या भागात पुष्कळ घरांत आहे. अशा मुलाला उपास-प्रार्थनेत उपाशी आणि बिनपाण्याचं बसवू नका, थंडीत रात्री बाहेरही बसवू नका. पाणी कमी पडलं, गारठा लागला की हाडं दुखायला सुरुवात होऊ शकते. गरोदर बाई आणि साखरेचा रोगी यांनाही उपासातून सूट.

हात ठेवणं, तेल लावणं. याकोब ५:१४ मध्ये मंडळीच्या वडिलांनी, म्हणजे जाणत्या पुढाऱ्यांनी, तेल लावून प्रार्थना करावी असं आहे. आधी विचारा: "हात ठेवू का?" बाईवर बाईनेच हात ठेवावा. डोक्याला किंवा खांद्याला हलका स्पर्श पुरे, दाबणं-हलवणं-ढकलणं नाही. तेल कपाळाला बोटभर लावा. उरलेलं बाटलीत भरून "औषध" म्हणून वाटू नका, विकू तर नकाच.

"अंगात आलं" म्हणतात तेव्हा. झोप उडालेली, बडबडणारी, भिंतीकडे बघत बसणारी सून असते. तिला बांधणं, मारणं, उपाशी ठेवणं, रात्रभर घेरून ओरडणं यातलं काहीही करायचं नाही. शांत आवाजात, दोघा-तिघांत, थोडकी प्रार्थना करा आणि सकाळी जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात घेऊन जा.

जीव द्यायची भाषा. "आता मोकळं व्हावंसं वाटते," असं एखादा कास्तकार बोलला तर तो प्रार्थनेचा विषय म्हणून फक्त चिठ्ठीवर लिहून उठू नका. सरळ विचारा, जिवाचं बरंवाईट करायचा विचार येतो का? विचारल्याने विचार वाढत नाही. घरातली कीटकनाशकं दुसऱ्याकडे हलवा, त्या रात्री सोबत कोणीतरी झोपा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर रात्रीबेरात्रीही चालतो आणि त्याला पैसे पडत नाहीत.

सावध: "तुमचा विश्वास कमी पडला", "घरात कोणाचं तरी पाप आहे" हे वाक्य आजाऱ्याच्या घरी उच्चारू नका. जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी हाच प्रश्न केला तेव्हा येशूने, याचंही पाप नाही आणि याच्या आईबापांचंही नाही, असं उत्तर दिलं (योहान ९:३). प्रेषित पौलाने आपल्या शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनवलं, काटा तसाच राहिला (२ करिंथ १२:८–९). पौलाचा विश्वास कमी होता असं म्हणायची कोणाची छाती आहे?

## ९. आमेननंतर

चहा आणि मूठभर चिवडा-मुरमुरे. जेवण घालायची चढाओढ लागली की गरीब घरं प्रार्थना ठेवायचंच टाळतात. मंडळीने एकदा ठरवून टाकावं: घरच्या प्रार्थनेला फक्त चहा. अर्पणाची पेटीही घरच्या सभेत फिरवू नये. प्रार्थनेला आलेल्या पाहुण्या पाळकाला गाडीभाडं द्यायचं तर मंडळीच्या खात्यातून.

लोक पांगायच्या आधी तिसऱ्या पायरीतल्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर काढा. उघड्या-उपाशी भावाला "सुखाने जा, ऊब घे, पोटभर खा" असं नुसतं म्हणण्यात काय फायदा, हा याकोबाचा प्रश्न आहे (२:१५–१६). कामं तिथल्या तिथे वाटा, नाव घेऊन:

- सेवाग्रामच्या दवाखान्यात किंवा नागपूरच्या मेडिकलला सोबत कोण जाणार, आणि कोणत्या दिवशी?
- आधार, रेशन कार्ड, जुने रिपोर्ट एका पिशवीत कोण घालून ठेवणार?
- ते दोन दिवस घरची जनावरं कोण बघणार?
- तहसीलच्या कागदाला कोण धावणार?

"आपण सगळे बघू" असं ठरलं म्हणजे कोणीच बघणार नाही.

शंभर पानी एक वही ठेवा. तारीख, कारण, काय मागितलं, कोणी काय करायचं घेतलं, एवढंच लिहा. झाकलेल्या गोष्टी वहीत येऊ देऊ नका, वही एका विश्वासू माणसाच्याच ताब्यात असू द्या. आठ-दहा दिवसांनी ज्याने ऐकलं होतं त्यानेच परत जायचं. बदल झाला असेल तर आभाराची ओळ लिहायची. झाला नसेल तर तेही तसंच लिहायचं, ओढूनताणून उत्तर शोधायचं नाही. मग पुन्हा तोच पहिला प्रश्न विचारायचा, कारण मधल्या काळात त्या माणसाचं मागणं बदललेलं असू शकतं. बदललं असेल तर नवी चिठ्ठी करा आणि जुन्या चिठ्ठीवर काट मारून, तारीख टाकून ती वहीतच लावून ठेवा.